शेजारशोध: २४ नोड, २ टक्के जागरण (प्रकल्प नोंदी)

३ जून

काम असं: २४ नोड (रेडिओ असलेले छोटे संगणक), आणि आपल्या रेडिओच्या टप्प्यात कोण कोण आहे हे प्रत्येकाने स्वतः शोधायचं. मध्यवर्ती घड्याळ नाही, हाताने भरलेली यादी नाही. रेडिओ एकूण वेळेच्या २ टक्केच चालू. नवा शेजारी ५ मिनिटांच्या आत सापडला पाहिजे आणि बंद पडलेला साधारण तेवढ्याच वेळात यादीतून गेला पाहिजे.

साहित्य: टेलॉसबी जातीचे नोड. एमएसपी४३० एफ१६११ प्रोसेसर (१० केबी रॅम, ४८ केबी फ्लॅश), सीसी२४२० रेडिओ (८०२.१५.४, २.४ गिगाहर्ट्‌झ, सेकंदाला २५० किलोबिट), ३२,७६८ हर्ट्‌झचं क्रिस्टल, दोन एए सेल. सीसी२४२० ऐकताना १८.८ मिलिअँपिअर घेतो, पूर्ण ताकदीने (० डीबीएम) बोलताना १७.४. म्हणजे नुसतं कान देऊन बसणं बोलण्याहून महाग. सगळा पेच इथूनच सुरू होतो. दोन नोड प्रत्येकी २ टक्के वेळ जागे असतील, तर दोघे योगायोगाने एकाच वेळी जागे सापडण्याची शक्यता ०.०४ टक्के.

५ जून

आधी सगळ्यात साधा उपाय कागदावर तपासला: २००१ मधला मॅकग्लिन आणि बोरबॅश यांचा बर्थडे प्रोटोकॉल. वेळेचे सारखे तुकडे (स्लॉट) पाडून प्रत्येक स्लॉटमध्ये फासे टाकायचे: १ टक्का शक्यतेने बोल, १ टक्का शक्यतेने ऐक, नाहीतर झोप. एका दिशेची भेट दर स्लॉटला ०.०१ × ०.०१, म्हणजे सरासरी १०,००० स्लॉट. १० मिलिसेकंदांच्या स्लॉटला १०० सेकंद. सरासरी वाईट नाही, त्रास शेपटीचा आहे. २४ नोडांच्या ५५२ एकतर्फी जोड्यांपैकी १०० सेकंदांनी ३७ टक्के बाकी राहतात, ३०० सेकंदांनी ५ टक्के (२७ जोड्या), १० मिनिटांनीही एखाद-दुसरी. कमाल मर्यादा नाहीच.

मर्यादा हवी असेल तर वेळापत्रक ठरावीक पाहिजे. दत्ता आणि कलर यांचा डिस्को (२००८): प्रत्येक नोड दोन मूळ संख्या घेतो आणि स्लॉट-काउंटरला त्यांपैकी कोणत्याही एकीने पूर्ण भाग गेला की जागा होतो. एकाची पहिली आणि दुसऱ्याची दुसरी संख्या वेगळ्या असल्याने त्यांचे जागे स्लॉट कधीतरी जुळतातच. चिनी शेषप्रमेयाचं काम. ९७ आणि १०३ घेतल्यास जागरण १/९७ + १/१०३ = २.००२ टक्के, आणि भेट ९७ × १०३ = ९,९९१ स्लॉटांत, म्हणजे १०० सेकंदांत. या १०० सेकंदांच्या चक्रात हमखास भेटी दोन: याचे ९७ त्याचे १०३, आणि उलट.

याहून जलद पर्याय आहेत. यू-कनेक्ट (२०१०) ७३ या मूळ संख्येने २.०६ टक्के जागरणात ५,३२९ स्लॉट घेतो. सर्चलाइट (२०१२) १०० स्लॉटांच्या आवर्तनाने ५,००० मध्ये आणि पट्ट्यांच्या युक्तीने जवळपास २,५०० मध्ये भेट घडवतो. पण सर्चलाइटला दोघांचं आवर्तन सारखं लागतं, आणि इथे गेटवे (जाळ्याला बाहेरच्या जगाशी जोडणारा नोड) भिंतीवरच्या विजेवर चालणार, त्याला उगाच २ टक्क्यांवर कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. यू-कनेक्टमध्ये दर ५,३२९ स्लॉटांत एकदा ३७ स्लॉट सलग जागं राहावं लागतं. डिस्कोत मात्र समोरच्याच्या काउंटरला त्याच्या दोन मूळ संख्यांनी भागून उरणाऱ्या दोन बाक्या कळल्या की तो पुढे कधी जागा होणार ते तोंडी सांगता येतं. हा गुण पुढे फार उपयोगी पडणार असं वाटतं. डिस्को ठरला.

६ जून

स्लॉटची लांबी नेमकी ठरवून ठेवली: क्रिस्टलचे ३२८ टिक (ठोके), म्हणजे १०.०१ मिलिसेकंद. १० मिलिसेकंदांना ३२७.६८ टिक पडतात, पूर्णांक नाही. एका बिल्डमध्ये ३२७ आणि दुसऱ्यात ३२८ झालं, तर दोन नोडांत दहा लाखाला ३,००० हून जास्त फरक पडतो आणि सव्वातीन सेकंदांत अख्खा स्लॉट सरकतो. हा आकडा एकाच हेडर फाइलमध्ये, बाकी कुठेही नाही.

बीकनची (मी इथे आहे असं सांगणाऱ्या छोट्या पॅकेटची) मांडणी: मॅक हेडर ९ बाइट, शेवटची तपासणी २, प्रकार १, मूळ संख्यांच्या जोडीचा क्रमांक १, स्लॉट-काउंटर २, शेजाऱ्यांची संख्या १, आणि चार शेजारी प्रत्येकी ३ बाइट (पत्ता २, गुणवत्ता १). एकूण २८. वर रेडिओची प्रस्तावना, सुरुवातखूण आणि लांबी मिळून ६. एका बाइटला ३२ मायक्रोसेकंद, म्हणून ३४ बाइटांना १.०८८ मिलिसेकंद.

प्रत्येक जाग्या स्लॉटच्या सुरुवातीला एक बीकन, शेवटी एक. दोघांचे स्लॉट अर्धवट एकमेकांवर आले, तर उशिरा उठणाऱ्याचा पहिला बीकन लवकर उठलेल्याच्या स्लॉटमध्ये पडतो आणि लवकर उठलेल्याचा शेवटचा बीकन दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये. दोघांनाही दोघे ऐकू येतात, निदान कागदावर. मध्ये नुसतं ऐकायचं.

ऑसिलेटर सुरू व्हायला सुमारे १ मिलिसेकंद जातो, मग ऐकण्याच्या स्थितीत यायला १९२ मायक्रोसेकंद. म्हणून जागं होण्याचा अलार्म स्लॉटच्या ४८ टिक (दीड मिलिसेकंद) आधी. ऑसिलेटर उठताना विजेचा खर्च थोडाच असतो, तेवढा चालेल.

१० जून

पहिली चाचणी. सगळे नोड एका टेबलावर, ताकद सर्वांत खाली (पीए पातळी ३, उणे २५ डीबीएम), एकाच हबवरून एकदम चालू. ५ मिनिटांनी २४ पैकी बहुतेक याद्या कोऱ्या.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. सुरुवातीचा काउंटर यादृच्छिक घ्यायचा होता, पण यादृच्छिक संख्यांचं बीज सगळ्यांत तेच, भाषेचं मूळचं. एकाच बीजातून २४ ठिकाणी एकच संख्या निघाली, सगळे एकाच स्लॉटला उठले आणि एकदम बोलले. हाफ-डुप्लेक्स रेडिओ बोलताना ऐकत नाही, त्यामुळे प्रत्येकाला शांतताच दिसली.

आता बीज बोर्डावरच्या डीएस२४११ चिपच्या ४८ बिटी अनुक्रमांकातून. त्यातले खालचे १६ बिट तेवढेच उचलू नयेत. तिन्ही १६ बिटी तुकडे एक्सऑर करून वापरले. काउंटरसोबत सुरुवातीला ० ते ३२७ टिकांचा विलंबही यादृच्छिक.

११ जून

याद्या भरू लागल्या, पण निदानासाठी छपाई चालू केली की गळती वाढते आणि बंद केली की कमी होते. ११५,२०० बॉडला ६० अक्षरांची एक ओळ ५.२ मिलिसेकंद खाते, म्हणजे अर्धा स्लॉट. स्लॉटच्या आत काहीही छापायचं नाही. घटना रॅममधल्या गोल बफरमध्ये (घटनेला ८ बाइट, ६४ घटना), छपाई झोपेच्या स्लॉटमध्ये. जागरण, बोलणं आणि पॅकेट मिळणं यांसाठी तीन पिना आणि लॉजिक अ‍ॅनालायझर. या कामात डोळ्यांनी पाहिलेल्या पिनांवर जेवढा भरवसा ठेवता येतो तेवढा छापील ओळींवर नाही.

१३ जून

१०० सेकंदांची हमी पाळली जात नाही. काही जोड्या २०० सेकंदांनीही एकमेकांना अनोळखी. काहींत एकाला दुसरा माहीत, दुसऱ्याला पहिला नाही.

अंतराचा संबंध नाही. न सापडलेल्या दोन नोडांना शेजारी ठेवलं तरी सापडत नाहीत. आणि तासाभराने काहीही न करता आपोआप सापडतात. रेडिओच्या ताकदीचा दोष असा वागत नाही, हे घड्याळाच्या सरकण्याचं लक्षण. लॉजिक अ‍ॅनालायझरवर अशा जोडीचे स्लॉट जवळपास तंतोतंत एकावर एक बसलेले दिसले.

हिशेब असा. दोघांच्या स्लॉटच्या सीमांमधलं अंतर ० ते १० मिलिसेकंदांत कुठेही असू शकतं. ते मोठं असेल तर अडचण नाही, कारण एकाच चक्रात स्लॉट दोन प्रकारे जुळतात आणि त्यातली एक भेट किमान अर्ध्या स्लॉटची असते. पण अंतर बीकनच्या १.०८८ मिलिसेकंदांहून कमी झालं की गोंधळ:

पहिला प्रकार, अंतर ०.३२ मिलिसेकंदांपेक्षा कमी. हवा मोकळी आहे का हे पाहायला १२८ मायक्रोसेकंद, ऐकण्यातून बोलण्यात यायला १९२. या ३२० मायक्रोसेकंदांत दुसऱ्याने सुरुवात केली तरी कळत नाही. दोघांना हवा मोकळी दिसते आणि दोघे बोलतात. शेवटच्या बीकनलाही तेच. दोन्ही बाजूंनी धरून ०.६४/१०, म्हणजे ६.४ टक्के जोड्या. २७६ पैकी १८.

दुसरा प्रकार, अंतर ०.३२ ते १.०९. उशिराच्या नोडला हवा व्यग्र दिसते आणि तो आपला पहिला बीकन सोडून देतो. पहिल्याचा बीकन मध्येच सुरू झालेला, प्रस्तावना हुकलेली, म्हणून तोही वाचता येत नाही. शेवटी लवकरच्या नोडचा बीकन त्याला नीट मिळतो, पण तो घेऊन होईपर्यंत लवकरचा झोपलेला असतो. ओळख एकतर्फी राहते. अशा जोड्या सुमारे १५ टक्के, म्हणजे ४२. यादीतली प्रत्यक्ष गळती याच्या जवळपास जाते.

दोन क्रिस्टलांच्या वेगात सेकंदाला ५ मायक्रोसेकंदांचाच फरक असेल, तर ०.६४ मिलिसेकंदांच्या या पट्ट्यातून बाहेर पडायला १२८ सेकंद लागतात. फरक १ असेल तर १० मिनिटांहून जास्त. गणित म्हणतं भेट झाली. भेट झालीच होती, बोलणं झालं नाही.

१७ जून

तीन बदल केले, तिन्ही लागले.

पहिला बीकन स्लॉटच्या अगदी सुरुवातीला न टाकता ० ते ६३ टिकांच्या (१.९ मिलिसेकंद) यादृच्छिक विलंबाने. शेवटचाही तेवढाच आधी सरकवून. स्लॉट अगदी एकावर एक असले तरी एका बीकनची टक्कर आता ३० टक्के, दोन्हींची ९ टक्के, आणि चक्रातल्या दोन्ही भेटी मिळून १ टक्क्याच्या आत.

हवा व्यग्र दिसली तर बीकन सोडायचा नाही. हवा मोकळी होईपर्यंत थांबून पाठवायचा. मानकातला नेहमीचा बॅकऑफ (यादृच्छिक थांबा: ३२० मायक्रोसेकंदांची ७ पर्यंत एककं, कमाल २.२४ मिलिसेकंद) इथे बंद ठेवला, नाहीतर शेवटचा बीकन स्लॉटच्या बाहेर जातो.

तिसरा बदल सगळ्यात मोलाचा. नवा नोड ऐकू आला की त्याच्या बीकनमधल्या काउंटरवरून तो पुढे कधी उठणार ते कळतं, जास्तीत जास्त ९७ स्लॉटांनी. त्या वेळी स्वतःची पाळी नसतानाही उठून त्याच्या नावाने एक बीकन पाठवायचा. एकतर्फी ओळख एका सेकंदात दुतर्फी होते, खर्च जोडीमागे एकदाच. स्लॉटनंतर ३ मिलिसेकंद जास्त ऐकत राहण्याचा पर्यायही होता, पण तो प्रत्येक स्लॉटला ३० टक्के कायमचा कर लावतो.

पुन्हा चाचणी: टेबलावर सगळ्या याद्या दोन चक्रांत पूर्ण.

२० जून

रात्रभराच्या चाचणीत नवीनच प्रकार. एखादा नोड सगळ्यांच्या अंदाजातून एकदम नाहीसा होतो, मग नव्याने सापडतो. प्रत्येक नोडच्या बाबतीत दोन लोपांमधलं अंतर नेमकं १० मिनिटं ५६ सेकंद.

६५६ सेकंद म्हणजे ६५,५३६ स्लॉट. १६ बिटी काउंटर शून्यावर येतो. ६५,५३६ ला ९७ ने भागल्यास बाकी ६१, १०३ ने भागल्यास २८. शून्यावर येताना दोन्ही आवर्तनं मध्येच तुटतात. समोरच्यांचे अंदाज तर चुकतातच, भेटीची हमीही त्या चक्रापुरती मोडते. टेबलावरच्या ५ मिनिटांच्या चाचण्यांत हे ठरावीक अंतर कधीच दिसलं नसतं.

३२ बिटी काउंटरने दुखणं ४९७ दिवस पुढे ढकललं असतं, एवढंच. त्याऐवजी मोठा काउंटर काढून टाकला. आता दोन छोटे: एक ० ते ९६, एक ० ते १०२. बीकनमध्ये दोन्ही एकेका बाइटात, लांबी तेवढीच. भागाकारही वाचला, या प्रोसेसरला भागाकाराची सूचना नाहीच.

२४ जून

टेबल सोडून नोड पसरले, ताकद ० डीबीएम. आता शेजारी कोणाला म्हणायचं हा प्रश्न.

आधी एक किरकोळ चूक: सीसी२४२० च्या आरएसएसआय (आलेल्या सिग्नलची ताकद) रजिस्टरमधली संख्या चिन्हासहित असते, तिच्यात उणे ४५ मिळवायचे. रजिस्टर उणे ४२ तर सिग्नल उणे ८७ डीबीएम. चिन्ह विसरलं तर उणे ४२ चे २१४ होतात आणि सगळ्यात कमजोर शेजारी यादीत वर बसतो.

रेडिओची संवेदनशीलता उणे ९५ च्या आसपास. उणे ८७ च्या वर बहुतेक पॅकेटं मिळतात. त्याखाली कधी मिळतात, कधी नाही. अशा पट्ट्यातला एखादा बीकन नशिबाने ऐकू आला म्हणून तो शेजारी होत नाही. नियम केले:

यादी १६ जागांची, नोंदीला १२ बाइट, एकूण १९२ बाइट. आरएसएसआय उणे ८७ च्या वर असेल तर लगेच उमेदवार. खाली असेल तर १०० सेकंदांत तीन बीकन मिळाल्यावरच. उमेदवाराच्या बीकनमध्ये आपला पत्ता दिसला की शेजारी. चारच जागा असल्याने बीकनमधले पत्ते फिरते ठेवले, १६ जणांची यादी चार बीकनांत पूर्ण जाते. अजून दुतर्फी न झालेल्यांना रांगेत पहिला मान.

यादी भरलेली असताना नव्यासाठी जुना काढायचा तो फक्त एकतर्फी किंवा गुणवत्ता ५० टक्क्यांखालचा. हा अडसर नसताना सीमेवरचे दोन कमजोर नोड एकमेकांना आलटून पालटून ढकलत होते आणि पॅकेटांचा मार्ग ठरवणाऱ्या वरच्या थराला दर मिनिटाला मार्ग बदलावा लागत होता.

गुणवत्ता दोन्ही दिशांची वेगळी ठेवली. ८० टक्के जाताना आणि ८० टक्के येताना, तर पॅकेट आणि पोच दोन्ही पोहोचण्याची शक्यता ६४ टक्के, म्हणजे सरासरी १.५६ प्रयत्न.

२७ जून

चॅनल २० वरून २६ (२,४८० मेगाहर्ट्‌झ). वायफायचे १, ६ आणि ११ चालू असताना मध्ये १५, २०, २५ आणि वर २६ एवढीच मोकळी जागा उरते, आणि २६ त्या तिन्हींपासून सगळ्यात सुरक्षित.

१ जुलै

नवा नोड बसवला की १०० सेकंद वाट पाहण्याची खरं तर गरज नाही. जुना प्रत्येक नोड ९७ स्लॉटांत, म्हणजे ०.९७ सेकंदात एकदा तरी बोलतोच. नव्याने तेवढा वेळ सलग कान दिला की सगळे ऐकू येतात. टकरींसाठी पदर ठेवून ३ सेकंद. खर्च १८.८ मिलिअँपिअर × ३ सेकंद = ०.०१६ मिलिअँपिअर-तास, किरकोळ. मग प्रत्येकाच्या वेळेला नावानिशी बीकन. उभारणी करणाऱ्याला ५ सेकंदांत हिरवा दिवा.

मग डिस्को कशाला, असं वाटू शकतं. दोन्ही नोड आधीपासून चालू असताना मधला अडथळा हटला, कपाट सरकलं, कोणी नोड हलवला, तर दोघांपैकी कोणीच नवा नसतो. ३ सेकंद कोणी जागायचं हे तिथे ठरत नाही, म्हणून डिस्को मागे चालू राहतो.

यात एक खड्डा आहे. सेल संपत आला की बोलताना व्होल्टेज पडून नोड रीसेट होतो, रीसेट झाला की ३ सेकंद ऐकतो, त्याने सेल आणखी पडतो. दर १० सेकंदांना रीसेट म्हणजे ३० टक्के जागरण. रीसेटची गणना फ्लॅशमध्ये ठेवली. ५ झाले की लांब ऐकणं बंद. तासभर नीट चालला की गणना पुन्हा शून्य.

४ जुलै

विसरण्याचा नियम. ५० टक्के गुणवत्तेच्या दुव्यावर एका चक्रातले चार बीकन (दोन भेटी, प्रत्येकी दोन) सगळे हुकण्याची शक्यता ६ टक्के, तीन चक्रांतले बारा हुकण्याची ०.०२४ टक्के. हे पॅकेटं सुटी सुटी हरवतात असं धरून. प्रत्यक्षात ती झुंडीने हरवतात. म्हणून ३०० सेकंदांच्या शांततेवर नाव काढायचं, पण त्याआधी १५० सेकंदांवर विचारपूस: त्याच्या अंदाजे स्लॉटमध्ये उठून दोन नावानिशी बीकन.

१५० सेकंदच का, तर घड्याळामुळे. प्रत्येकी २० पीपीएमची (दहा लाखाला २०) दोन क्रिस्टल विरुद्ध दिशांनी चुकली तर सेकंदाला ४० मायक्रोसेकंद. १५० सेकंदांत ६ मिलिसेकंद, ३०० सेकंदांत १२, म्हणजे अख्ख्या स्लॉटहून जास्त. ६ पर्यंतच्या चुकीला २.५ आणि ७.५ मिलिसेकंदांवरचे दोन बीकन पुरतात, त्यातला एक तरी समोरच्याच्या स्लॉटमध्ये पूर्ण बसतो. ३०० वर विचारलं तर रिकाम्या घराचं दार ठोठावणं.

उन्हातला नोड आणि सावलीतला नोड यांची जोडी वेगळी पाहिली. ३२ किलोहर्ट्‌झचं क्रिस्टल २५ अंशांपासून दूर गेलं की दोन्हीकडे मंदच होतं, ढोबळमानाने फरकाच्या वर्गाला ०.०३४ पीपीएम. ४५ अंशांना १४ पीपीएम. ही दरी ढग आला की मिनिटांत बदलते, म्हणून शेजाऱ्याच्या घड्याळाचा मोजलेला वेग यादीत साठवून त्यावर दीर्घकाळ विसंबणं सोडून दिलं. प्रत्येक बीकनला फरक नव्याने मोजायचा.

८ जुलै

गेटवेला १७ आणि २३ ही जोडी दिली, जागरण १०.२ टक्के. त्याची ९७-१०३ वाल्यांशी भेट १७ × ९७ = १,६४९ स्लॉटांत, साडेसोळा सेकंदांत. दोन्ही बाजूंच्या चारही मूळ संख्या वेगळ्या असल्याने हमी तशीच. जोड्यांच्या तक्त्यात चुकून ९७-९७ अशी ओळ आली होती. अशा दोन नोडांची बाकी वेगळी असेल तर ते जन्मात भेटत नाहीत, आणि जागरण निम्मं झाल्यामुळे वीजमापनात मात्र ते छान दिसतात. कंपाइल होतानाच दोन्ही संख्या समान नसल्याची तपासणी घातली.

खर्चाचा अंदाज: अगदी २ टक्क्यांना रेडिओचा सरासरी प्रवाह ०.३७६ मिलिअँपिअर, २,५०० मिलिअँपिअर-तासांवर २७७ दिवस. बीकन पूर्ण घेण्यासाठी स्लॉटच्या दोन्ही बाजूंना मिळून २.६ मिलिसेकंद जास्त ऐकल्यास २.५२ टक्के, ०.४७४ मिलिअँपिअर, २२० दिवस. ही वाढ आधी सगळ्या स्लॉटांना होती. आता घेणं सुरू असेल तरच रेडिओ पुढे चालू राहतो, नाहीतर स्लॉट संपला की बंद.

राहिलेलं: शेजाऱ्याच्या बीकनमधले पत्ते वाचून त्यांच्याही वेळा मागून घ्यायच्या का, म्हणजे एकाच्या ओळखीने दुसरा लवकर सापडेल. बीकनमध्ये पत्त्यामागे दोन बाक्यांचे २ बाइट वाढतील, चारांचे ८, वेळ १.०८८ वरून १.३४४ मिलिसेकंद. त्याने टकरीचा पट्टा २२ टक्क्यांवरून २७ वर जातो. आधी हे मोजायचं, मग ठरवायचं.